धाकटीचा आकडा मोठा

एक होती थोरली जाऊ, एक होती धाकटी. थोरली म्हणजे मीच, आणि आता तुम्हीच सांगा, घरात थोरली मी असताना आकडा मोठा धाकटीचा का?

कसला म्हणून काय विचारता... एक्स-रेचा! खोकला आधी मला लागला, टीबी आधी माझा निघाला, तिचा मागाहून, म्हणजे तिथवर माझा मान राहिला होता, पण तुम्हाला सांगते, छातीचा फोटो काढायला दोघी गेलो, मी हनुवटी टेकवली, खांदे पुढे काढले, "श्वास घ्या, धरा, सोडा" म्हटलं तसं शहाण्यासारखं केलं, मग धाकटी आत गेली, आणि फोटोवाली बाई पडद्याकडे बघून म्हणते कशी, "ह्यांना मघाच्या आजींच्या दुप्पट किरण लागले. हा आकडा मोजणीत धरू या."

धाकटी गळ्यातलं परत घालत म्हणाली, "जाऊबाई, तुम्हाला कमीच मिळाले हो."

मी तशीच आत शिरले. "बाई, एका पातेल्यातलं जेवतो आम्ही, इथेच दुजाभाव का? मलाही तेवढेच द्या."

"आजी, ही काय पंगतीतली वाढणी आहे? फोटो नीट येईल इतके कमीत कमी द्यायचे असतात. अंगाने भरलेल्याला जास्त लागतात, तुमची काडी झाली आहे."

"मग तिचाच आकडा का धरता?"

"टीबीच्या रुग्णाला साधारण किती पुरतात ते ठरवतोय, म्हणजे कुठलं मशीन उगाच जास्त देतं ते कळेल. त्यात मध्यम वजनाचीच माणसं घेतात. तुम्ही गोळ्या घ्या, अंग भरू दे, मग बघू."

झालं! तोवर गोळी बघितली की मला मळमळायचं, घास उतरायचा नाही. पण आकडा मोठा धाकटीचा, हे रात्रंदिवस डोक्यात... तिने गोळी गिळली की मी गिळणार, तिने एक घास जास्त घेतला की मी दोन. सून म्हणे, "आई, एवढी भूक आली कुठून?" कुठून येणार, जळफळाटातून!

गोळ्या संपल्यावर शेवटच्या फोटोला मी धाकटीला मागे सारून पुढे झाले, चांगली भरलेली, छाती काढून. फोटो झाला. म्हटलं, "आता धरा माझा आकडा."

"मोजणी संपली, आजी. आमचंच मशीन जास्त देत होतं, तुमच्या जाऊबाईंसारख्यांच्या आकड्यांवरून कळलं, म्हणून कमी केलं. आता तुम्हाला त्यांच्या तेव्हाच्या आकड्याच्या निम्मेच लागले, आणि फोटो बघा किती स्वच्छ!"

धाकटी मागून म्हणते, "माझ्यामुळे हो, जाऊबाई."

डॉक्टर म्हणाले, दोघींचा टीबी गेला. घरात आता कुणी खोकत नाही, सगळं छान आहे... आणि एक आकडा माझा मोठा निघाला बरं का, वजनाचा. तो तेवढा येईल त्याला सून सांगत बसते.