काँटेसा किती पळते?

भास्करमामा भेटले की मी आधी त्यांच्या जुन्या काँटेसाले नमस्कार करतो, मग मामाले. हासू नका, आयका.

कापसाले कोणी इचारत नव्हतं, त्या वर्षांत जिनिंगवाल्या शेठनं ती गाडी विकली अन् मामानं घेतली. तवापासून आमच्या ढाणकी गावातला पेशंट कोणाचाही असो, तिच्यातच झोपून पुसदच्या दवाखान्यात जायचा. मागची सीट हे एवढी लांब!

परवा मामा गाडी घेऊन माझ्या घरी आलते, तवा पुण्याचा एक जुन्या गाड्यांचा शौकीन अंगणात येऊन ती पाहून राह्यलता. म्हणाला, "तुमच्या गावाला हिचं एवढं वेड कशामुळे?" मग सीट दाबून पाह्यली अन् तोंड वाकडं केलं. "ओरिजिनल सीट कुठे गेली?"

"फाटली," मामा म्हणे. "कापूस घरीच पडून होता. गल्लीतल्या बायांनी तोच भरून गादी शिवली. पेशंटले हिसके बसत नाहीत."

"अहो, वाट लावली गाडीची! बरं, पळते किती?"

तेवढ्यात माझी पोरगी चहा घेऊन आली. मामानं तिच्याकडं बोट केलं.

"इच्या मायले याच गादीवर कळा सुरू होत्या. पण पोरगी जन्मली दवाखान्यात. तेवढी पळते."