आईचं ऑपरेशन

लेक : हात बाजूला घे, आई.

आई : अगं, खरचटलंय नुसतं. मावशीकडे कपाटाचा कोपरा लागला.

लेक : एकच कोपरा चार ठिकाणी लागला? त्यातला एक बेंबीत?

बाबा : (पेपर खाली ठेवत) सांगून टाक आता. सर्जनपुढे पोट कितीसं लपणार.

लेक : पित्ताशय काढलंय. हो ना?

आई : तू रागावशील म्हणून हे म्हणाले, बरं वाटलं की मग सांगू.

लेक : म्हणून मावशी फोनवर सारखी ‘आई अंघोळीला गेलीय’ म्हणायची. मला वाटलं, ही तिकडे दिवसभर अंघोळीच करते की काय.

आई : बाटलीत खडे दिलेत. बघणार?

लेक : आता नको.

बाबा : घरच्या माणसावर आपण चाकू चालवू नये, असं तुमच्यातच म्हणतात ना?

लेक : म्हणतात. मीही चालवला नसता कदाचित. बाहेर बाकावर तुमच्याशेजारी बसले असते. तेवढं तरी करू द्यायचं होतं. ऑपरेशन केलं कोणी?

आई : तुझ्याच वर्गातला, तो उंच, चष्मेवाला. तुमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनं करायला येतो तोच. पण तिथे नाही हो केलं, त्याच्या पुलापलीकडच्या हॉस्पिटलात. फार गरीब स्वभावाचा आहे. तुझी चौकशी केली त्याने.

लेक : म्हणजे त्यालाही माहीत होतं. परवाच माझ्याशेजारी बसून डबा खाल्ला त्याने.

बाबा : मीच सांगितलं होतं, तिला कळू देऊ नका.

लेक : त्याचं नाव तुम्हाला कोणी सुचवलं?

बाबा : तुझीच युक्ती. तूच म्हणायचीस, सर्जन शोधताना दारावरच्या पाट्या वाचू नका. थिएटरमधल्या सिस्टरला विचारा, तुम्ही तुमच्या माणसाला कोणाकडे न्याल. सगळ्यांचे हात रोज तिच्यासमोर चालतात.

लेक : कोणत्या सिस्टरला विचारलंत?

बाबा : आधी जेवून घे.

लेक : बाबा.

बाबा : तुमच्याच मोठ्या सिस्टरना. मी कोण ते बोललो नाही. त्यांनी लगेच त्याचं नाव घेतलं. मग मी म्हटलं, त्या तरुण डॉक्टरीणबाई आहेत, त्या कशा आहेत?

आई : अहो, पुरे आता.

लेक : काय म्हणाल्या?

बाबा : म्हणाल्या, मेहनती आहेत.

लेक : मला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. प्रवेशही झाला होता. तुम्ही म्हणालात, दगडांचं पोट दुखत नाही, माणसांचं दुखतं. घरात एक डॉक्टर हवा, आपल्या माणसासाठी परक्याच्या दारात उभं राहायला नको.

बाबा : तेव्हा तसंच वाटत होतं गं. आजही तुझ्या नावाची पाटी मीच पुसतो. पण ही एकच आहे माझ्याकडे. तिला भूल देऊन आत नेतात तेव्हा अभिमान बाहेर काही कामाचा नसतो.

लेक : एक सांगा. खालच्या मजल्यावरच्या काकांना तुम्ही माझ्याकडे पाठवलंत.

आई : त्यांचं छान झालं हो. परवा जिना चढून पेढे घेऊन आले होते.

लेक : ते सिस्टरना विचारायच्या आधी पाठवलंत, की नंतर?

आई : अहो, बोला की.

बाबा : नंतर.

आई : कुठे निघालीस? भात तरी खाऊन जा.

लेक : उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे, एका बाईंचं. त्यांची मुलगी आज हॉस्पिटलात मला विचारत होती, डॉक्टर, तुमची आई असती तर काय केलं असतं?

आई : मग? तू काय म्हणालीस?

लेक : म्हटलं, काही विचार न करता इथेच आणली असती.