मामाचा एकच प्रश्न

अमेरिकेतलं कोणतं शहर राहायला चांगलं, हे आमच्या राहुरीच्या मामाला विचारा. ताईला दोन स्थळं आली होती, एक सिॲटलचं, एक फीनिक्सचं. सावेडीत आमच्या घरी आम्ही सगळे पगार, घरभाडं, हवामान यांची तुलना करत बसलो होतो. मामानं फीनिक्सच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर एकच विचारलं, "तुमच्याकडं पानी कुठून येतं?"

"कॅनॉलनं. लई लांबून येतं, आम्ही पार शेवटाकडे."

मामानं घाईघाईनं फोन बंद केला. "आरं, ह्यो तर कॅनॉलच्या टेलला हाय! टेलपत्तुर कधी पानी पोचलंय का? पोरगी द्यायची न्हाई. सिॲटलला पाऊस तरी हाय."

"मामा, पण मला हाच आवडलाय," ताई म्हणाली.

मामानं फोन तिच्या हातात परत दिला. "मंग त्याला म्हनावं, साठवनीची सोय कर."

लग्न झालं. परवा ताईनं फोनवर नवं घर दाखवलं. मागच्या अंगणात स्विमिंग पूल दिसताच मामा उठूनच उभा राहिला.

"ऐकलं बरं का जावयानं माझं! दारातच शेततळं खांदलंय, आन् पानी मुरू नये म्हनून तळाला कागद बी भारीतला हातरलाय!"