बैल नसलेली फळी

मंडळी, मला मैदानावर ओरडायची सवय आहे. सावधान, विश्राम, मागे वळ. यापलीकडे चारचौघांत मी फारसं बोललेलो नाही. आज ओरडायचंही नाही आणि गप्पही बसायचं नाही, असं काम अंगावर आलंय. वरवटातले तुम्ही सगळे आलात. शेगावच्या कापसाच्या जिनातले लोक आले. तंबूत कसरती दाखवणाऱ्या खेळ कंपनीची माणसं दोन गाड्या बदलून आली. समोर सुपड्याचे वडील, ओंकारभाऊ सुतार, बसले आहेत. त्यांच्याकडे पाहून मला बोलता येणार नाही. म्हणून मी सुपड्याच्या हार घातलेल्या फोटोशेजारच्या या फळीकडे पाहून बोलतो.

दीड हात लांबीची, वीतभर रुंदीची सागवानी फळी. खाली चार बेरिंगं. आपल्या सुपड्याने आयुष्यात जे काही केलं, ते हिच्यावर उभं राहून केलं.

कंपनीची माणसं बाहेरगावची आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडी बैल ओढत आणतात. बैल फळीवर बसवलेला, फळीला चार चाकं. शाळेच्या फरशीच्या ओट्यावर रांग लागते आणि चांगल्या सजवलेल्या बैलाला बक्षीस मिळतं. महाराष्ट्राचं नवं राज्य झालं, त्यानंतरचं दुसरं की तिसरं वर्ष असेल. परीक्षक मी होतो.

सगळ्या गावाचे बैल ओंकारभाऊ घडवायचे. आपल्या पोराचा बैल सगळ्यात शेवटी घडवायचा, ही सुताराच्या घरची पद्धत. त्या वर्षी तोही बैल सकाळी सकाळी कोणीतरी नातवासाठी विकत नेला. घरी उरली चाकं लावलेली एक जादा फळी. सुपडा ती घेऊन आला. रांगेत ठेवली, वर चढला आणि एका पायाने रेटा देऊन सगळ्या बैलांच्या पुढून ओट्याच्या टोकापर्यंत सरळ उभा गेला. आठ-नऊ वर्षांचा होता.

मी विचारलं, "बैल कुठं आहे बे?"

"बाबानं इकला. फळी राह्यली होती. मंग मीच उभा राह्यलो."

सगळा ओटा हसला. मीही हसलो. आणि म्हणालो, उतर खाली. बैल नाही तर पोळा कसला? तो उतरला आणि फळी काखेत मारून घरी गेला. रडला नाही. रडला असता तर मला लक्षात राहिलं असतं का, कोण जाणे.

पुढचं जिनातल्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पावसाळ्यात जिन बंद असायचं. ओंकारभाऊ दुरुस्तीच्या कामाला जायचे आणि पोराला बरोबर न्यायचे. कापूस नसला की पत्र्याखालची ती सिमेंटची जमीन नुसती मोकळी. तिथल्या फिटरने झिजलेली बेरिंगं दिली. लाकडी चाकं गेली, बेरिंगं आली. दोन-तीन पावसाळे गेले आणि हा पोरगा त्या जमिनीवर काय काय करायला लागला. फळीचं पुढचं टोक उचलून मागच्या दोन चाकांवर गरगर फिरायचा. फळीवर हात टेकून पाय वर करायचा. पायाने फळी उलटवायची, ती हवेत असतानाच उडी मारायची आणि पुन्हा तिच्यावरच उतरायचं. हे त्याला कोणी शिकवलं? कोणी नाही. शिकवणारा माणूस जिल्ह्यात नव्हता. देशात होता की नाही, मला ठाऊक नाही.

लोक त्याला एकच प्रश्न विचारायचे. ही गाडी जाते कुठवर? तो म्हणायचा, कुठंच नाही जात, हितंच राह्यते. लोकांना ते कळायचं नाही. मलाही कळलं नाही. गाडी म्हटली की ती कुठंतरी गेली पाहिजे, असं आपलं साधं गणित. चार हात जागेत माणूस जन्म घालवू शकतो, हे गणितात बसत नव्हतं.

आता जे सांगायचं ते सांगतो. टाळून चालणार नाही.

सतराव्या-अठराव्या वर्षी तो माझ्याकडे आला. खेळ कंपनीचा तंबू शेगावला लागला होता. मॅनेजरने अट घातली होती, शाळेच्या कसरतीच्या मास्तरची चिठ्ठी आण. सुपडा म्हणाला, "गुर्जी, दोन ओळी लिहून द्या. या पोराले कसरत येते, एवढंच."

मी म्हणालो, कसरत म्हणजे मलखांब. कसरत म्हणजे जोर-बैठका, लेझीम. तुझा हा खेळ कोणत्या पुस्तकात आहे, ते दाखव.

तो म्हणाला, "पुस्तकात नाही गुर्जी. पहिला मीच हावो, त् पुस्तकात कसा राहीन?"

उत्तर बिनतोड होतं. मी चिठ्ठी दिली नाही.

तो तसाच गेला. चिठ्ठी नव्हती म्हणून मॅनेजरने त्याला तंबूच्या दोरांवर घातलं. खुंटे ठोकायचे, दोर ओढायचे, जनावरांना चारा टाकायचा. दोन वर्षं. मग एकदा सायकलवाला आजारी पडला, रिंगणात लाकडी फळ्या अंथरलेल्या होत्याच, आणि मॅनेजर म्हणाला, जा, काय करतोस ते कर. ती दहा मिनिटं कंपनीची माणसं अजून सांगतात. त्यानंतर जाहिरातीवर त्याचं चित्र लागलं. नागपूर, जळगाव, पार इंदूरपर्यंत आपल्या वरवटाचा पोरगा फळीवर उभा राहिला.

मी त्याचा खेळ तंबूत एकदाच पाहिला. संपल्यावर मागे गेलो. तो वाकून पाया पडला. मी म्हणालो, पाय दुखतात का? एवढंच बोललो. तो आपणहून म्हणाला की गुर्जी, ते दोन साल वाया नाही गेले, दोर ओढून पाय मजबूत झाले. मंडळी, दोर ओढून हात मजबूत होतात. मी कसरतीचा मास्तर आहे, मला कळतं. तो मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलला. तिशीच्या आत गेलेल्या माणसाची दोन वर्षं म्हणजे किती, ते तुम्हीच ठरवा.

कावीळ घेऊन तो घरी आला आणि महिनाभरात संपला. मधे एकदा मी भेटायला गेलो. एका मासिकात चित्र आलं होतं, ते कापून नेलं. परदेशातली पोरं अशाच फळ्यांवर उभी होती. आला बाबा तुझा खेळ पुस्तकात, असं म्हणून मी ते त्याच्या हातात दिलं. त्याने पुष्कळ वेळ पाहिलं. म्हणाला, फळी चांगली आहे त्याइची, पण या पोराचा मागचा पाय चुकला, पडला असंल हा. मग हसला. आता चिठ्ठी लिहू का, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पण लिहायची कोणाला?

परवा ओंकारभाऊ माझ्या घरी आले. फडक्यात गुंडाळलेला एक बैल होता. नवा. शिंगं, वशिंड, गळ्यातली माळ, सगळं कोरलेलं. म्हणाले, "गुर्जी, त्याचा बैल मीच इकला होता. हा आता केला. त्या फळीवर ठोकतो, आन् तान्ह्या पोळ्याले सगळ्याइच्या पुढं ठेवू."

त्याचं उत्तर आज सगळ्यांसमोर देतो.

ओंकारभाऊ, बैल फार सुरेख झालाय. त्याला दुसरी फळी करा. या फळीवर खिळा मारू नका. तुमच्याकडून काही चुकलं नव्हतं. बैल नव्हता म्हणून तर तो उभा राहिला. चुकलं ते ओट्यावर, माझं. पुढच्या आठवड्यात तान्हा पोळा आहे. ही फळी रांगेत पहिली राहील, अशीच मोकळी. आणि कोणी विचारलं की बैल कुठं आहे, तर उत्तर मी देईन.

मंडळी, आयुष्यभर मी हुकूम दिले. आज विनंती करतो. तो उभा राहिला होता तेव्हा मी त्याला खाली उतरवलं. आता आपण सगळे त्याच्यासाठी दोन मिनिटं उभे राहू.

ओंकारभाऊ, तुम्ही बसून राहिलात तरी चालेल.