आनेकलची अवरे

आमचं मूळ गाव कुठलं असं विचाराल अक्का, तर मला बेंगळुरूजवळच्या आनेकलच्या पलीकडचं काही सांगता येत नाही. आजोबा म्हणायचे, फार मागे, मोजता येणार नाही इतकं मागे, आपले लोक मराठी फौजेच्या मागून इकडे उतरले, तंबू शिवायला, कपडे शिवायला, मग फौज गेली आणि शिंपी राहिले. खरंखोटं देवाला माहीत. पण घरात मराठी बोलायचं, दारात कन्नड बोलायचं आणि मशीनवर बसलं की काहीच बोलायचं नाही, हे आमच्याकडे चालत आलेलं. तुम्ही परदेशातल्या नातवंडांसाठी लिहिताय ना, मग हेही लिहा की पद्माचं मराठी असं आहे, त्यात स्वल्प कन्नड सांडलंय, ते निवडत बसू नका, तसंच पाठवा.

बाबांचं आनेकलला बसस्टँडजवळ दुकान होतं, दुकान म्हणजे एक मशीन आणि एक बाकडं. गावाबाहेर जमिनीचा तुकडा, त्यात नाचणी आणि नाचणीच्या ओळींमधून अवरे. तुम्ही तिला पावटा म्हणता, पण पावटा म्हटलं की माझ्या तोंडाला ती चव येत नाही, म्हणून मी अवरेच म्हणते. आमच्या अम्माची अवरे, अम्मा म्हणजे आमची आई. थंडीत दव पडायला लागलं की त्या शेंगांच्या सालीला एक तेलकट वास सुटायचा, सोलून झालं, हात धुऊन झाले तरी बोटांना राहायचा, शाळेत मास्तर पाटी हातात घेतली की ओळखायचे, काल शिंप्यांकडे अवरे झाली. बाजारातल्या शेंगा आता बारा महिने मिळतात, मोठ्या दिसतात, वास नाही. अम्मा दर वर्षी चांगल्यातल्या चांगल्या शेंगा वेलावरच वाळू द्यायची, त्यांचे दाणे पत्र्याच्या डब्यात, वरून राख, आणि त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही, आजारी माणसानं मागितलं तरी नाही. अम्मा गेली तेव्हा जमीन अण्णाकडे राहिली, अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणून डबाही वहिनीकडे राहिला. वहिनीनंही वर्षानुवर्षं नीट सांभाळला, तिला नावं ठेवायला जागा नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुमची नातवंडं तिला वाईट म्हणतील.

मी लग्न होऊन इथे बेंगळुरूत, जे. पी. नगरला आले. नवरा बसडेपोत कामाला, माणूस चांगला, मी घरी ब्लाउज शिवायचे. काय सांगू तुम्हाला, जन्मभर दुसऱ्यांच्या मापानं शिवलं. नवरा गेला, मुलगा नोकरीला म्हैसूरला गेला, मशीन राहिलं. तुम्ही ब्लाउज न्यायला आला होतात, आठवतं ना, आणि म्हणालात, पद्मा, गुरुवारी दुपारी माझ्याकडे ये, आम्ही चारचौघी बसतो, ज्याला जे येतं ते करतो. मी विचारलं, काय शिवायचं. तुम्ही म्हणालात, तुला वाटेल ते. मला आठवडाभर सुचेना की मला काय वाटतं. शेवटी मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावायला घेऊन आले, आणि तुमच्या शेजारच्या कमलम्मा, त्या क्रोशाच्या सुईवरून मान न उचलता म्हणाल्या, ही बाई ऑफिसला आली आहे, हिला हजेरीपट द्या. सगळ्या हसल्या, मीही हसले, पण दुसऱ्या गुरुवारी हुक घरी ठेवून आले.

तुमच्याकडे ते मधलं टेबल, ते मला फार आवडलं. घरी उगवलेलं किंवा हातानं केलेलं त्यावर ठेवायचं, कुणी आणलं सांगायचं नाही, कुणी नेलं विचारायचं नाही. आता न सांगता काय, सगळ्यांना सगळं ठाऊक. कढीपत्ता वर्तमानपत्राच्या सुरळीत आला की कमलम्मा. लोणच्याच्या बाटलीवर तारीख, मिठाचं प्रमाण, कधी उघडायची, सगळं लिहिलेलं आणि नाव तेवढं नाही, म्हणजे अक्का तुम्ही. पुदिना ओल्या रुमालात आला की वैशाली, ती आपली पुण्याची पोरगी, कॉम्प्युटरवाली, सर्जापूर रोडला उंच इमारतीत राहते, गुरुवारी अर्धी रजा टाकून यायची आणि शिवता शिवता कानात मीटिंग ऐकायची. मी काय ठेवणार. माझ्याकडे कुंडीसुद्धा नव्हती. पण थंडीत आनेकलहून अण्णा पोतंभर शेंगा पाठवायचा, त्या मी ठेवायचे, आणि त्या टेबलावर पहिल्यांदा मला वाटलं की मी कुणाच्या मापाचं नाही, माझ्या घरचं काहीतरी दिलंय.

मग जमीन गेली. कुणी लुबाडली नाही. अण्णाचे गुडघे गेले, त्याची मुलं फॅक्टरीत, आजूबाजूला सगळीकडे प्लॉट पडले, त्यानं मला विचारलं, मी सरी म्हटलं, म्हणजे बरं, आणि सही केली. रडले नाही. मनात म्हटलं, डबा आहे ना. डबा आहे तर अवरे आहे, कुठेही लावता येईल.

पुढे अण्णाच्या नातवाचं बारसं झालं, नव्या घरात. भिजवून, चिमटून सोललेल्या दाण्यांचं सार केलं होतं, आमच्याकडे मोठ्या कार्याला ते करतातच. मी पहिला घास घेतला आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मी वाढायला आलेल्या वहिनीचा हात धरला, म्हटलं, वहिनी, अगदी अम्माच्या हातचं गं. ती खूश होऊन म्हणाली, असणारच की, तिचेच दाणे, डब्यातले. घास तोंडात राहिला. मी विचारलं, सगळे? ती म्हणाली, जमीनच नाही तर बियाणं कशाला राखू, किडे खातील त्यापेक्षा आपली माणसं जेवू देत. आता ह्यात तिची काय चूक, सांगा. मी ते ताट संपवलं, पानात टाकणं मला जमलं नाही. आनेकल ते जे. पी. नगर, बसमध्ये मी एकच विचार करत होते, की अम्माची अवरे संपली आणि शेवटची मी खाल्ली.

गुरुवारी तुमच्याकडे आले, कुणाला सांगायचं नाही असं ठरवून आले, आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. कमलम्मा म्हणाल्या, अगं मग आमच्या वजनांत काय भरलंय, माती?

ती वजनं म्हणजे काय ते मुलांना सांगायला हवं. कापड बेतताना वर कागद ठेवतो, तो सरकतो, टाचण्या लावल्या तर रेशमाला भोकं पडतात, म्हणून त्यावर जड काहीतरी ठेवायचं. मी एका वर्षी उरलेल्या ब्लाउजपिसांच्या चिमुकल्या पिशव्या शिवून सगळ्यांना भेट दिल्या होत्या, आणि त्यात भरायला वाळलेली अवरे दिली होती, त्या वर्षी पीक फार आलं होतं. पिशव्या माझ्या, दाणे माझे, भरून तोंड शिवायचं काम ज्याचं त्याचं. आणि मी प्रत्येकीला बजावलं होतं, भरायच्या आधी दाणे खरपूस भाजा, नाहीतर किडे होतील आणि कापडं खातील. काय ते बजावलं होतं मी. घरी फोन करून विचारलं होतं, भाजले का, भाजले का.

तरी आम्ही पिशव्या उसवल्या. प्रत्येकीच्या दाण्यांना भाजल्याचा रंग, कमलम्मांचे तर काळेच. तुम्ही म्हणालात, एखादा कच्चा राहिला असेल, लावून बघू, आणि तुमच्या गच्चीवर ट्रेमध्ये ओळी आखून, प्रत्येक ओळीला नावाची पट्टी लावून ते लावले. मी रोज सकाळी यायचे. दाणे फुगले, मला वाटलं आलं, आणि मग बुरशी आली, वास आला. तुम्ही म्हणत होतात, अजून थोडे दिवस थांब. मीच ट्रे रिकामा केला. म्हटलं, अक्का, पुरे, मेलेल्याला पाणी घालत नाहीत.

वैशाली तेव्हा नव्हती, तिच्या आईचं ऑपरेशन झालं होतं म्हणून पुण्याला. ती परत आली त्या गुरुवारी तुमच्या टेबलावर त्या रिकाम्या पिशव्यांचा ढीग होता, तिला वाटलं, न्यायला ठेवल्यात. एक उचलली आणि म्हणाली, पद्माकाकू, ह्यातले दाणे कुठे गेले. कमलम्मांनी सांगितलं, डबा, सार, ट्रे, सगळं. मी मान खाली घालून काजं करत होते. मी वर बघितलं तर पोरीचे कान लाल.

काकू, मी भाजले नव्हते.

मी म्हटलं, तू तर फोनवर भाजले म्हणालीस. ती म्हणाली, खोटं बोलले, मीटिंग चालू होती, तुमचा तिसऱ्यांदा फोन आला होता. कमलम्मा म्हणाल्या, म्हणून तुझ्या पिशव्यांतून माझ्या पिवळ्या टेबलक्लॉथवर पाहुणे फिरत होते होय. तेव्हा खरंच किडे निघाले होते, आणि सगळ्यांनी तिला इतकं चिडवलं होतं की ती पिशव्या घेऊन गेली त्या परत आणल्याच नव्हत्या, आम्ही समजलो, टाकून दिल्या. मी विचारलं, टाकल्यास? म्हणाली, नाही काकू, तुम्ही शिवलेल्या कशा टाकू, कुणीतरी सांगितलं की थंडीत किडे मरतात, म्हणून प्लास्टिकमध्ये बांधून फ्रीझरमध्ये ठेवल्या, मटारच्या मागे, आणि विसरले.

त्या संध्याकाळी ती ट्रॅफिकमधून सर्जापूर रोडला जाऊन परत आली, म्हणजे काय हे बेंगळुरूच्या माणसालाच कळेल. आम्ही कुणी घरी गेलो नव्हतो. तुम्ही पांढरं कापड अंथरलंत, तिनं पिशव्या उसवल्या. बरेचसे दाणे पोकळ, टाचणीच्या डोक्याएवढं भोक आणि आत पीठ. पण मधूनमधून एखादा जड लागायचा. बोटांना कळतं ते. सगळे निवडले तर ओंजळीच्या तळाला बसतील इतके.

मी ते सगळे पदरात बांधून घरी न्यायला निघाले. खरं सांगते, कुणालाही द्यायचे नव्हते मला. कमलम्मा दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पद्मक्का, एका डब्यात ठेवून काय झालं ते आत्ताच सांगितलंस ना. मला राग आला. चपला घातल्या, तशीच उभी राहिले, मग चपला काढल्या. प्रत्येकीला थोडे थोडे दिले. वैशाली घेईना, म्हणे माझ्या हातून मरतील. मी तिची मूठ उघडून दिले.

कुणी रंगाच्या रिकाम्या डब्यात लावले, कुणी जुन्या बादलीत. सगळे नाही उगवले. कमलम्मांचे खारीनं खाल्ले, त्यांनी तिला कन्नडमध्ये जे ऐकवलं ते मी सांगणार नाही. जे उगवले ते वाढत सुटले, पानंच पानं. वैशालीचा रोज फोन, काकू, फूल नाही, माझं काही चुकलं का. मी म्हणायचे, बाळ, ही अवरे थंडी पडल्याशिवाय फुलत नाही, तू तुझं काम कर. पण आतून मीही घाबरले होते. आनेकलची माती नाही, दव नाही, ही फुलेल की नाही कुणाला ठाऊक.

फुलली. शेंगा धरल्या. तुमच्या गच्चीवरच्या शेंगांना वास फार थोडा होता, मी तुम्हाला खूप आहे म्हणाले, पण थोडा होता. मग एका सकाळी वैशालीनं बोलावलं, तिच्या त्या उंच बाल्कनीत धुकं थेट आत येतं, कठडा ओला असतो. मी एक शेंग मोडली आणि बोटं नाकाशी नेली. अक्का, मी तिथेच पुदिन्याच्या कुंडीच्या काठावर बसले. ती घाबरून पाणी आणायला धावली. मी म्हटलं, पाणी नको, इकडे ये, वास घे. हीच ती.

त्या वर्षी एक दाणा कुणी शिजवला नाही. पुढच्या वर्षी स्वल्प खाल्ले, बाकीचे वाटले. आता तुमच्या टेबलावर थंडीनंतर कागदाच्या पुड्या असतात आणि कोण नेतं ते खरंच मला ठाऊक नसतं. परवा मंडईत एक अनोळखी बाई शेजारणीला सांगत होती, ही अवरे भाजायची नाही, लावायची आहे. मी आपली भाजी घेऊन आले.

यंदा पेरणीच्या दिवसांत मी एक पुडी घेऊन आनेकलला गेले. नव्या घराला कंपाउंडच्या कडेनं हातभर माती आहे. वहिनीनं पुडी बघितली आणि मागे सरकली. म्हणाली, मला नको देऊस पद्मा, त्या दिवशी तुझा चेहरा बघितला, तेव्हापासून मला सार गोड लागत नाही, माझ्या हातून पुन्हा शिजतील. मी म्हटलं, शिजव की गं. शिजव, खा, मला बोलाव. संपली तर फोन कर, अर्ध्या बेंगळुरूत कुणाकडेही मागून आणीन. ती हसली, मग रडली, मग आम्ही दोघींनी माती उकरली. अण्णा खुर्चीवर बसून, इथे लाव, तिथे लाव, असं करत होता, त्याचं कुणी ऐकलं नाही.

एवढंच आहे अक्का. मुलांना लिहा, तुम्ही जूनमध्ये येता, तेव्हा नुसती पानं दिसतात, एकदा थंडीत या. जिथे आहात तिथे सुखात राहा, हातानं काहीतरी करत राहा, आणि आलात की आधी माझ्याकडे जेवायला.