आधी बोंजूर, मग कांदा

नाही गं, उठू नकोस — पेढे राहू देत तिथं, आधी ऐक. संघर्षचंही फ्रान्सला जायचं ठरलं म्हणतेस ना, मग बरंच झालं, आमच्या ह्यांना सोबत झाली. आणि नवऱ्यासाठी फ्रेंच शिकायला बरोबर दारात आलीस, स्वरूपा. कंपनीचा मास्तर नुसती वाक्यं शिकवतो, दुकान मी चालवते — हे इथं, या जेवणाच्या टेबलावर. सहा महिने ट्रेनिंग, एकट्यानं राहायचं, हातानं करून खायचं. हा माणूस चाकणला पार्ट तपासतो, केसाएवढी चीर दिसते त्यांना — पण कोथिंबीर आणायला धाडलं तर मेथी घेऊन येतात. तिकडं उपाशी मरतील. म्हणून म्हणलं, रोज संध्याकाळी मी दुकानदारीण, तुम्ही गिऱ्हाईक.

पहिला नियम काय, तर दुकानात शिरलं की आधी 'बोंजूर, मादाम'. ते म्हटलं नाही तर तिकडचा दुकानदार ढुंकून बघत नाही म्हणे. मग मीपण नाही बघत. पहिल्या दिवशी हे आले तसेच — अगं ए, कांदा दे. मी आपली पंख्याकडं बघत बसले. ओरडले, पाय आपटले, शेवटी बाहेर गेले, चपला घालून परत आले, बोंजूर म्हणाले, तेव्हा कुठं कांदा मिळाला. मागताना 'सिल वू प्ले', मिळाल्यावर 'मेर्सी'. भाजीला हात लावायचा नाही — ह्यांनी वांगं दाबून बघितलं, मी उलथनं हाणलं. भावही करायचा नाही. मी म्हणलं, मास्तरला विचारा, 'वर दोन मिरच्या टाका' याला काय म्हणतात — तर म्हणे तसं तिकडं कुणी टाकतच नाही. कसला दळभद्री देश गं.

हसतेस काय? लग्न झाल्यापासून या माणसानं मला 'अगं ए' सोडून दुसरी हाक मारलेली नाही. आभार तर आपल्यात मानतंय कोण — नवऱ्यानं बायकोचे आभार मानले तर लोक विचारतील, ह्याला ताप-बिप आलाय का. आता मिठाच्या पुडीला 'मेर्सी, मादाम'. गिऱ्हाइकानं दुकानदाराची विचारपूस करायची असते म्हणे, म्हणून विचारतात — 'सा व्हा, मादाम?' म्हणजे बरंय ना. परवा मी बोलून गेले, मराठीतच, की गुडघा दुखतोय. दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली हजर. गुडघा काय कालचा आहे का? दुखून दुखून म्हातारा झाला तो. पण बायको सांगत होती तोवर ऐकूच गेलं नव्हतं. आणि मी — कुणाला सांगू नकोस हां — सात वाजायच्या आत केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून बसते. कांदे विकायला.

काय? एकच जण जाणार? एकच कसा, हे आणि संघर्ष — ह्यांच्या जागी? थांब. ह्यांच्या जागी म्हणजे हे जाणारच नाहीत? कधी ठरलं? संक्रांतीला? अगं, होळी आली. नाही, तुझी चूक नाही, मला ठाऊक असेल असं वाटलं तुला, म्हणून तर पेढे घेऊन आलीस. बस तू. मी मेली स्वेटर घेऊन ठेवलं, भाजणी दळून ठेवली, नणंदेला फोन करून मिरवून झालं — आणि हा बाबा रोज संध्याकाळी माझ्यासमोर उभा राहून बोंजूर, बोंजूर. येऊ देत घरी. आज चांगली खरडपट्टीच काढते, म्हणावं मला काय —

पण काल पिशव्या आणल्या ना त्यांनी. पिंपरी कॅम्पातून, कागदी, चांगला गठ्ठाच. म्हणाले, तिकडं प्लास्टिक देत नाहीत, मादाम, आपल्या दुकानातही नको. जायचंच नाही तर पिशव्या कशाला आणल्या गं? क्लासही बंद झाला असणार कधीचाच. मग रोज नवं वाक्य आणतात कुठून — मोबाईलवर बघून पाठ करतात? कुणासाठी? ... तू जरा तिकडं बघ. मला रडू येतंय, आणि रडताना मी चांगली दिसत नाही.

हे बघ, पेढे उचल. ह्यांना दिसले तर दहा प्रश्न. आणि संघर्षला सांग, ह्यांच्याशी काही बोलायचं नाही — मला कळलंय हे ह्यांना कळता कामा नये. कळलं की लाजतील, दुकान बंद होईल, आणि उद्या सकाळपासून परत 'अगं ए'. तुझं फ्रेंच? तुझ्या घरी टेबल आहे ना, मग तुझं तू मांड. ती बघ, कोपऱ्यावर कंपनीची बस आली. ऊठ, जिन्यानं जा, हे लिफ्टनं येतील. आणि जाताना दार लोटून घे, मला अजून टोमॅटो पुसायचेत.