चाळीस अक्षरांत

—नाही, ती ओळ शोधू नका, सकाळीच काढली मी. बसा ना, खुर्ची आता तुमचीच आहे. कसली ओळ? कोडमधली, मजकूर कापायची हो. दवाखान्यात नर्सच्या स्क्रीनवर प्रत्येक पेशंटचं कार्ड दिसतं, त्यात पेशंटनं स्वतः लिहिलेली तक्रार — चाळीस अक्षरांवर गेली की कापायची, नाहीतर कार्डं खालीवर होतात, साहेबांना खपत नाही. सगळेच कापतात, त्यात काय. पण अर्ध्यावर तुटलेलं मला बघवत नाही, म्हणून मी काय केलं — चाळिसाव्या अक्षरापासून मागं यायचं, शेवटच्या पूर्णविरामावर थांबायचं. वाक्य पुरं झालंय, मग ‘पुढं आणखी आहे’ सांगणारी तीन टिंबं तरी कशाला? तीही काढली. तपासलं ना — ‘डोकं दुखतं’, ‘पाय मुरगळला’ — पन्नास वेळा तपासलं. तपासायला आपण लिहितो ते तेवढंच, एका वाक्याचं असतं. साहेबांनी पाठ थोपटली होती.

माझी ताई — हो, सख्खी, थोरली — तिला काही विचारलं की पहिल्यापासून सांगणार. त्याच दवाखान्यात तिनं लिहिलं, ‘घसा धरलाय. दोन दिवस ताप आहे. पेनिसिलिन मला अजिबात चालत नाही.’ नर्सला दिसलं ताप आहे, पूर्णविराम. पुढं काही असेल असं वाटायला जागाच नाही. तोंडी विचारायला हवं होतं, म्हणतात सगळे. तोवर ताई ग्लानीत गेली होती. पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, आणि अर्ध्या तासात ताई गेली — तुम्ही पाणी घ्या ना. मला नको. मला काही होत नाही, खरंच, तिसऱ्या दिवशी मी कामावर होतो. रडू यायला हवं, येत नाही.

भावजी रोज विचारतात, एवढं स्पष्ट लिहूनही नर्सनं वाचलं कसं नाही? मी म्हणतो, नर्सचा हलगर्जीपणा. म्हणालो एकदा, मग म्हणतच राहिलो. त्या नर्सला घरी बसवलंय, आज चार वाजता चौकशी आहे तिची. तिलाही वाटतंय, आपणच नीट वाचलं नाही. लहान पोरगी आहे तिला, असं ऐकलं.

जुना कोड सगळा साठलेला असतो म्हणता? असतो. तारखेसकट, माझ्या नावासकट, मला ठाऊक आहे. माझ्याच्यानं सांगवणार नाही हो. तुम्हाला दाखवता येईल.

साडेतीन झाले. जा, दवाखाना समोरच्या गल्लीत आहे. जा म्हटलं ना.